बोटभर पाणी

राक्षसाचे गुडघे दुखतात, ही गोष्ट मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळली. ती सांगणारे गृहस्थ तेव्हा नंदेसरीकडच्या एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि रावपुऱ्यातल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दर रविवारी सकाळी तीन मोठ्या माणसांना एका नसलेल्या राज्यात फिरवून आणत होते. आम्ही त्यांना पंच म्हणत असू. आता ते मुलीकडे बंगळुरूला राहतात. बडोदे सोडताना त्यांनी फासे सोबत नेले, गॅसची शेगडी इथेच ठेवली.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा, त्याला नाव आणि धंदा द्यायचा, आणि वर्षानुवर्षे तोच चालवायचा. पंचांनी सांगायचे की समोर जंगल आहे, पूल तुटलेला आहे. आपण सांगायचे की मी काय करतो. जमेल की नाही याची खात्री नसेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. बाकी निकाल पंचांचा. राज्यात मांत्रिक असतात, शापित तलवारी असतात, अजगराला पंख असतात. जगभर लाखो लोक हा खेळतात म्हणे. आमच्या पंचांना तो मुलीने सुट्टीत आली असताना शिकवला, आणि पुढे तिच्यापेक्षा तेच त्यात जास्त रमले.

माझी त्यांची ओळख परेशभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात झाली. मी ट्यूबलाइटची पट्टी घ्यायला गेलो होतो. काउंटरवर एक उंच, चष्मेवाले गृहस्थ शांतपणे म्हणत होते, “मला चार मेणबत्त्यांएवढा उजेड देणारा दिवा हवा. पाच नको.”

परेशभाई माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, आ केटला वॉट थाय?”

मी एका औषध कंपनीत वजनकाटे आणि मापे तपासण्याचे काम करतो. आकडा विचारला की मला गप्प बसवत नाही. मी मनात हिशेब करून म्हटले, “अर्ध्या वॅटचा एलईडी पुरे.” गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मुलीसाठी स्थळच सापडले. चार मेणबत्त्यांच्या उजेडात भुयाराचे दुसरे टोक दिसते की नाही, हे त्यांना घराच्या बोळात उभे राहून पाहायचे होते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या टेबलाशी बसलेलो होतो. परेशभाई आधीपासूनच होते, आणि तिसऱ्या कुमुदताई.

कुमुदताई शाळेच्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या, पाणीगेटच्या आत एकट्या राहणाऱ्या. स्टार्च केलेली साडी, केसांचा घट्ट अंबाडा. वर्गात कोणी शेजाऱ्याची पेन्सिल उचलली तर ज्यांनी पालकांना बोलावून घेतले असते, त्या खेळात चोर होत्या. मैना नावाची, कुलपे उघडणारी, भिंतींवरून चालणारी. त्या मैनेविषयी बोलताना नेहमी ‘मी’ म्हणत. परेशभाई घोडेस्वार सरदार होते. मी नकाशे काढणारा शिपाई.

या मंडळींचा खेळ नऊ वर्षे चालला आणि एकदाच पंचांचा निकाल चुकला. त्या एका चुकीपायी कुमुदताई आमच्या टेबलावरून जवळजवळ कायमच्या उठल्या होत्या. ते सांगायचे आहे. पण पंच कसे होते हे कळल्याशिवाय त्या चुकीचे वजन कळणार नाही.

तर, राक्षसाचे गुडघे. माझ्या दुसऱ्याच रविवारी आम्हाला डोंगरात राक्षस भेटला. माणसाच्या सहापट उंच. परेशभाईंनी तलवार काढली. पंच म्हणाले, “तो उठत नाही. तळ्यात कमरेपर्यंत बसलाय. उठायचं म्हटलं तर कण्हतो.”

“शुं थयुं एने?”

“गुडघे. सहापट उंची म्हणजे सहापट रुंदी, सहापट जाडी. वजन दोनशे सोळापट. हाडाचा छेद मात्र छत्तीसपटच. प्रत्येक सांध्यावर सहापट दाब. पाण्यात बसलं की तेवढंच हलकं वाटतं बिचाऱ्याला.”

“पंच, आ राक्षस छे के मारी बा?” परेशभाईंना आपली आई आठवली.

मी घरी येऊन आकडे पाहिले. बरोबर होते. आम्ही त्या राक्षसाला मारले नाही. कुमुदताईंनी औषधी तेल करून दिले, आणि पुढे कित्येक महिने तो आमच्याकरता दरीतल्या पाण्यातून झाडांचे ओंडके ढकलत होता. जमिनीवरचे काम त्याला कुणी सांगत नसे.

पंचांचे म्हणणे असे की जादू आणि निसर्गाचे नियम यांचे भांडण नाही. जादू ही घरात आलेली पाहुणी आहे. तिने एक खोली वापरावी. सगळ्या घराच्या भिंती पाडू नयेत. म्हणून त्यांच्या राज्यात एक मंत्र एका वेळी एकच नियम मोडत असे, आणि बाकीचे सगळे नियम कामावर हजर असत. मैनेला अदृश्य होण्याचा मंत्र मिळाला तेव्हा कुमुदताई फार खूश होत्या. मंत्र म्हणून झाल्यावर पंच म्हणाले, “तुम्हाला आता काही दिसत नाही.”

“मला का? मी इतरांना दिसायची नाही ना?”

“उजेड तुमच्या आरपार जातोय. डोळ्यांच्याही. अडला तरच दिसेल.”

कुमुदताईंनी थोडा विचार केला, म्हणाल्या, “मग डोळे तेवढे राहू द्या.” त्यानंतर आमची मैना राजवाड्यात शिरत असे तेव्हा काळोखात दोनच डोळे भिंतीच्या कडेने सरकत. पहारेकरी त्यांना मांजर समजत.

हे ऐकून कुणाला वाटेल की पंच नियम पुढे करून आमची मजा घालवत. उलट होते. त्यांचा आवडता प्रश्न होता, “ते गेलं कुठे?” किंवा “ते आलं कुठून?” एका हिवाळ्यात आमच्या मागे एक मांत्रिक लागला, तो नद्या गोठवत असे. आमच्यात कुणाकडेही त्याच्या तोडीची जादू नव्हती. चार रविवार आम्ही हरत होतो. शेवटी मी वैतागून म्हटले, “पण नदीतली ऊब जाते कुठे?” पंचांनी टेबलावर हळूच टिचकी मारली, ही त्यांची आनंदाची खूण. म्हणाले, “शोधा.” आम्ही थंडी सोडून ऊब शोधायला निघालो. सगळीकडे बर्फ आणि एका टेकडीमागे हिरवे गवत, फुललेली जाई. मांत्रिक तिथेच घामाघूम बसला होता. नियम आम्हाला अडवत असत तसे ते शत्रूलाही अडवत, आणि ज्याच्याकडे जादू नाही त्याच्याकडे निदान नियम तरी होते. मला त्या राज्यात राहावेसे वाटे ते यामुळे. आमच्या ऑफिसात मला असे फार वेळा वाटलेले नाही.

अजगराच्या बाबतीत ते विश्वामित्रीवर जात. थंडीच्या सकाळी नदीकाठी मगरी उन्हात पडतात, जबडा उघडा टाकून, तासन्‌तास. पंच पुलाच्या कठड्याला टेकून त्यांच्याकडे पाहत उभे राहायचे. एकदा मीही गेलो होतो. बराच वेळ काही घडले नाही. मी म्हटले, “हलत नाहीये.”

“एवढं मोठं अंग हलवायला खाणं किती लागेल? न हलणं हाच तिचा शहाणपणा.” मग जरा थांबून, “आपला अजगर उगाच उडणार नाही. उडाला तर गावकऱ्यांनी समजावं की पोट रिकामं आहे.”

घरी वहिनी या सगळ्याला सरावलेल्या होत्या. फ्रिजच्या मागे हात धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला त्या बाजूला सारत आणि फणस कापायला घेत. पंचांनी कधी म्हटले, “डब्यात बारा भाकरवड्या होत्या, गेल्या कुठे?” तर त्या म्हणत, “तुमच्याच पोटात. निसर्गाचा नियम आहे.”

आता दोन गोष्टी. पहिली, पंचांचा निकाल फिरत नसे. परेशभाईंनी एकदा घोड्याचा वेग मंत्राने दुप्पट केला आणि घोडा तसाच दरीच्या वळणावर घेतला. पंच म्हणाले, “वेग दुप्पट, तर वळणावर पकड चौपट लागते. नाल तेच आहेत.” घोडा दरीत गेला. परेशभाईंनी त्या घोड्यासाठी विनवण्या केल्या, सेव-उसळ खिलवली, काही रविवार तोंड फुगवून बसले. घोडा आला नाही. त्याबद्दल आम्ही पंचांना कठोर म्हटले, पण मनातून आम्हाला तेच हवे होते. जिथे मेलेला घोडा परत मिळतो तिथे जिवंत घोड्यावर बसण्यात काय अर्थ?

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा सोमवार. कारखान्यात असताना काही गळले, सांडले की दुसऱ्या दिवशी ते कारण शोधत बसत. ती सवय त्यांनी खेळाला लावली. रविवारी टेबलावर झटपट दिलेला प्रत्येक निकाल ते सोमवारी स्वयंपाकघरात भांडी घेऊन तपासत. दोरी किती वेळात जळते, ओल्या वाळूत पाय किती रुततो. इतक्या वर्षांत प्रत्येक सोमवारी रविवार बरोबर निघाला होता. आम्हाला तर या तपासणीची कल्पनाही नव्हती. वहिनींना तेवढी होती.

त्या रविवारी आम्ही एका अर्धवट बुडालेल्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरलो होतो. पायऱ्या मजल्यामजल्याने खाली गेलेल्या, सगळ्यात खाली हौदाएवढे एक बंद कुंड, पाण्याने भरलेले. तिथल्या एका सर्पिणीची नजर पडून माझा शिपाई दगड झाला. पंचांनी निकाल दिला, “वजन तेवढंच. जास्तीचं आलं कुठून? पण अंग फुगून दीडपट झालं. जाळीदार दगड, टाच घासायचा असतो तसा.” त्यामुळे परेशभाईंना मला उचलता आले. होडी नव्हती, म्हणून त्यांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली भली मोठी तांब्याची कढई पाण्यात सोडली, तीत मला ठेवले, स्वतः बसले, आणि वल्हवत कुंडात शिरले. कारण मैना आत अडकली होती. तिचा पाय तळच्या जाळीत सापडला होता, आणि पाणी तिच्या वरच्या ओठापर्यंत होते. नाक तेवढे वर.

परेशभाई कढईतून तिच्यापर्यंत पोचले. तिला आत घ्यायला जागा नव्हती. ते म्हणाले, “आ पथ्थर ने बाहेर नाखुं छुं. सॉरी, साहेब.” आणि त्यांनी मला पाण्यात ढकलले.

बारा वाजून गेले होते, सगळ्यांना उठायची घाई होती. पंच लगेच म्हणाले, “दगड खाली गेला. पाणी बोटभर चढलं.”

बोटभर. वरच्या ओठावर आणि नाकावर.

कुमुदताईंनी फासा टाकला, श्वास किती वेळ धरवतो त्याचा. आकडा लहान आला. परेशभाई म्हणाले, “हुं तो बचाववा गयो हतो.” कुमुदताईंनी चष्मा पुसला, पिशवी उचलली, “बरंय, येते,” म्हणाल्या आणि खाली उतरल्या. त्यांचे फासे टेबलावरच राहिले. संध्याकाळी त्यांनी वहिनींना फोन करून सांगितले की यापुढे यायचे जमणार नाही. वहिनींनी विचारले, नवीन माणूस घेऊन खेळता नाही का येणार? त्या म्हणाल्या, “या वयात पुन्हा कुठे नवीन माणूस करू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पंचांचा फोन आला. “जमेल तसे या. मी पाणी घेऊन बसलोय.”

ऑफिस सुटल्यावर गेलो. ओट्यावर काचेची बरणी, तीत निम्मे पाणी, पाण्यावर तरंगती स्टीलची वाटी, वाटीत दोनशे ग्रॅमचे लोखंडी वजन. बरणीवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावलेली. पंचांनी वजन उचलले आणि बरणीत सोडले. पाणी चढायला हवे असे मलाही वाटले. पाणी पट्टीच्या खाली उतरले.

“वाटीत होतं तेव्हा ते आपल्या वजनाइतकं पाणी सारत होतं,” पंच म्हणाले. “तळाला गेल्यावर फक्त आपल्या आकाराइतकं सारतं. वजन जड, आकार लहान. उतरणारच.” मग त्यांनी वहिनींचा टाच घासायचा दगड घेतला. तो वाटीत ठेवून नवी पट्टी लावली, उचलून पाण्यात टाकला. तो तरंगला, आणि पाणी होते तिथेच राहिले.

“जड असता तर उतरलं असतं. हलका असता तर राहिलं असतं. चढलं नसतं कसंही.” ते खुर्चीवर बसले. “दगड नव्यानं पाण्यात आला, असं धरलं मी. तो आधीपासून कढईत होता. आलं कुठून, हे एकदा विचारलं असतं तर. मी माणूस मारला.”

वहिनी कणीक मळत होत्या. “कागदावरचा,” त्या म्हणाल्या.

“कागदावरही नव्हती ती. नुसती बोलण्यातली. म्हणून तर बोलणं नीट हवं.”

मी म्हटले की हे कुणाच्याही लक्षात आलेले नाही. कुमुदताईंना काहीही न सांगता मैनेला वाचवायची दुसरी वाट काढता येईल. नाहीतर असे सांगू, की नेमके तेव्हा वरून कुणीतरी पाण्याचे दार उघडले. पंचांनी मान हलवली. “दगडामुळे चढलं, असं मी म्हटलं. आता दार उघडलं म्हटलं तर ती दुसरी चूक. पहिली न कळता झाली, ही कळून होईल.”

मंगळवारी सकाळी मी अर्धी रजा टाकली. आम्ही दोघे रिक्षाने पाणीगेटला गेलो. पंचांच्या मांडीवर बरणी, माझ्या हातात वाटी, वजन आणि टाच घासायचा दगड. रिक्षावाल्याने विचारले, “काका, पूजा छे?”

कुमुदताईंनी दार उघडले, आम्हाला बसवले, चहा ठेवला. हे सगळे न हसता. दिवाणावर एक उघडी बॅग होती. त्या म्हणाल्या, बहीण पुण्याला बोलावते आहे, काही महिने जाऊन येईन म्हणते. रविवारही आता मोकळेच. पंचांनी बरणी स्टुलावर ठेवली, पाणी मागून घेतले आणि कारखान्यात नव्या कामगाराला दाखवावे तसे सगळे नीट करून दाखवले. आधी लोखंड, मग हलका दगड. शेवटी म्हणाले, “माझी चूक आहे. पाणी चढायला नको होतं. निकाल मागे घेतो. मैना जिवंत आहे.”

‘निकाल मागे घेतो’ हे मी त्यांना पहिल्यांदाच म्हणताना ऐकले. ते म्हणताना त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

कुमुदताई बरणीकडे पाहत म्हणाल्या, “परेशभाईंचा घोडा तुम्ही परत दिला नाहीत.”

“नाही.”

“केवढं केलं त्यांनी त्यासाठी.”

“हो.”

“मग माझी मैना कशी काय परत?”

“घोडा बरोबर मेला होता,” पंच म्हणाले.

कुमुदताईंना हसू आले असावे. पण त्यांनी ते येऊ दिले नाही. “तुम्ही आलात, सांगितलंत, बरं केलंत. दुसरं कुणी आलं नसतं. पण पंच, ती बुडताना मी तिथे होते. पाणी नाकावर आलेलं मला दिसलं. ते झालंच नाही असं तुम्ही आता म्हणताय. मला नाही तसं म्हणता येत.”

“चुकीच्या निकालानं गेली ती.”

“गेली ना पण. चुकीनं गेलेली माणसं परत येतात का?” असे म्हणून त्यांनी रागाने, किंवा दुसरे काही सुचले नाही म्हणून, बरणीत तरंगणाऱ्या त्या हलक्या दगडावर बोट ठेवले आणि त्याला पाण्याखाली दाबले. “चढत नाही म्हणता. हे काय? चढलं की.”

पाणी पट्टीच्या वर आले होते.

पंच पुढे वाकले. “पुन्हा करा.”

त्यांनी बोट काढले. दगड वर आला, पाणी पट्टीला आले. पुन्हा दाबले, चढले. पंचांचा चेहरा मी पाहत होतो. विश्वामित्रीच्या पुलावरून पाहताना मगर एकदाची हलावी, तसा तो झाला होता.

“हलका दगड,” ते हळू म्हणाले. “वजन वाढलेलं नाही, हे मी आधीच म्हटलं होतं. म्हणजे तो तरंगायला हवा होता. आणि मी म्हणालो, खाली गेला. आणि पाणी चढलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “फुगलेल्या अंगाचं हिशेबाने किती येतं?”

मी मनात मांडले. सत्तर किलोचा शिपाई, अंग दीडपट. पूर्ण बुडवला तर पस्तीस लिटर पाणी जास्तीचे सारणार. कुंड हौदाएवढे. “बोटभर,” मी म्हटले.

“म्हणजे?” कुमुदताई म्हणाल्या.

“म्हणजे पाणी चढू शकतं. एकाच प्रकारानं. तो दगड आपण होऊन बुडलेला नाही. त्याला कुणीतरी खाली धरून ठेवलंय.”

“कुणी?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही पंच. तुम्हाला माहीत नाही?”

“मी फक्त पाणी चढलेलं पाहिलं. खाली कोण आहे ते मी पाहिलं नाही.” ते उठून उभे राहिले. “कुमुदताई, आता निकाल मी देणार नाही. तुम्ही द्या. मी चुकलो म्हणा, मैना जिवंत आहे, आणि खाली कुणी नाही. किंवा मी म्हणालो ते घडलं म्हणा, मग मैना गेली आणि खाली कुणीतरी आहे. दोन्ही एकदम नाही. तुम्ही जे म्हणाल त्याच्यासमोर मी सगळे नियम उभे करीन.”

कुमुदताई म्हणाल्या, “चहा गार झाला,” आणि दुसरा करायला आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी काहीही सांगितले नाही. बॅग दिवाणावर तशीच होती. परत येताना रिक्षात पंच एकदाच बोलले, “येतील का हो?” मी म्हटले, सांगता येत नाही. मला खोटे आकडे देता येत नाहीत, आणि पंचांना ते चाललेही नसते.

रविवारी आम्ही नेहमीच्या वेळी बसलो. वहिनींनी चार बशा पोहे केले. कुमुदताईंचे फासे त्यांच्या खुर्चीसमोर तसेच होते. परेशभाईंनी दोनदा घड्याळ पाहिले. पंचांनी सुरुवात केली नाही. मग जिन्यावर चपला वाजल्या, आणि कुमुदताई आल्या, स्टार्चच्या साडीत, जरा धापा टाकत. बसल्या. पोह्यांवर लिंबू पिळले.

परेशभाईंना राहवले नाही. “बेन, मैना आवी?”

कुमुदताई म्हणाल्या, “पोहे खा.”

पंचांनी घसा साफ केला. “कुंडात काळोख आहे. मशाल भिजली. कढईत परेशभाई एकटे.” ते कुमुदताईंकडे वळले आणि ज्या स्वरात इतकी वर्षे विचारत आले होते त्याच स्वरात विचारले, “तुम्ही कुठे आहात?”

“खाली.”

“मैना?”

“मैना गेली. मी दुसरी. तिथे पहिल्यापासून होते; तुम्हीच कुणी विचारलं नाहीत.” त्यांनी फासे हातात घेतले. “यांच्या शिपायाला दोन्ही हातांनी धरलंय. सोडणार नाही.”

पंचांनी टेबलावर हळूच टिचकी मारली. “का?”

“ते असं वरून नाही सांगायचं,” कुमुदताई म्हणाल्या. “ज्याला विचारायचंय त्यानं खाली यावं.”

आम्ही तिघे परेशभाईंकडे पाहू लागलो. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग मनगटावरचे घड्याळ काढले, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवले, आणि पंचांना पाण्याची खोली विचारली, “केटलुं ऊंडुं छे?”